तिसऱ्या मजल्यावरची मुलाखत

सुरुंग निकामी करताना कॅप्टन मृणाल शेडगे यांचे दोन्ही पाय गेले. मग त्या आर्किटेक्ट झाल्या, साताऱ्यात फर्म काढली आणि सरकारी कामाची वाट बघू लागल्या.

शेवटी जखमी जवानांच्या उपचार केंद्राचे काम निघाले, तेही खास अपंग माजी सैनिकांच्या फर्मसाठी राखीव! सरकारच्या या कनवाळूपणाला एकच गालबोट होते. मुलाखत तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती आणि गैरहजर राहणारा बाद होणार होता.

मृणालताईंची चाकांची खुर्ची जिन्यापाशी अडली. वरच्या कठड्यावरून अधीक्षक अभियंता गुळवे साहेब खाली डोकावले. त्यांच्या मागे मुलाखत समितीही जमली.

"बाई, तीन जिने चढवत नाहीत आणि इमारत बांधायला निघालात?"

ताईंचे कान तापले, पण आवाज मऊच राहिला. "साहेब, या इमारतीचा नकाशा कुणी काढला हो?"

"मी स्वतः!" साहेबांची छाती फुगली.

"तेव्हा पाय शाबूत होते ना आपले?"

"अर्थात! दोन्ही!"

"मग पायांवाचून काही अडत नाही, साहेब. हा जिना काढताना आपल्याकडे जे नव्हतं, त्यावाचून अडतं."

समितीत खसखस पिकली. सगळे मुकाट खाली आले, मुलाखत पोर्चमध्येच झाली आणि काम ताईंना मिळाले.

नव्या इमारतीला जिन्याबरोबर उतारही असावा, अशी मोलाची सूचना मात्र गुळवे साहेबांनी केली. इतिवृत्तात ती त्यांच्याच नावावर आहे.