दर्याची अर्धी झोप

या, पडा आता अंथरुणावर. पाय जरा त्या बाजूला घ्या, मला पाळण्याची दोरी ओढायला जागा ठेवा. आज माझे हात कामातून गेलेत. सकाळपासून जाळं विणायला बसले होते, आणि आता हा धाकटा झोपायचं नाव घेत नाही. गोष्ट सांगते, पण हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, सांगून ठेवते. आणि कुंदे, तू सगळ्यांत मोठी. मध्ये मध्ये शंका काढायच्या नाहीत.

तर एकदा काय झालं, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. पुढ्यात दर्या. तेव्हा दर्या माणसासारखा बोलायचा, बरं का. आणि माणसासारखाच राबायचा. श्रावणातल्या पौर्णिमेला लोकांनी नारळ वाहिला की उठायचा. मग आधी पापलेट द्यायचा. थंडी पडली की बांगड्यांच्या झुंडी किनाऱ्याकडे हाकलत आणायचा. वाळवायला बोंबील द्यायचा. सगळ्यांच्या होड्या पाठीवर घ्यायचा, झुलवत न्यायचा, झुलवत आणायचा. कधी कुरकुर नाही.

पण वैशाख आला, पाणी तापलं, की त्याच्यात काही त्राण उरायचं नाही. जाळं वर ओढावं तर नुसतं शेवाळ, आणि अंगाला खाज आणणारं चिकट कायतरी. मासळी लांब खोल पाण्यात निघून जायची. मग म्हातारी माणसं म्हणायची, "दमला रं तो. निजू द्या त्याला." मग होड्या वर ओढायच्या. त्यांच्यावर झापं घालायची, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या. जाळी माळ्यावर टाकायची. आणि दर्या झोपायचा. वरून पाऊस कोसळला तरी हा आपला घोरतोय. त्याच्या कुशीत शिरून सगळी मासळी अंडी घालायची.

त्या दिवसांत वाड्याचा एक नेम होता. काहीही होवो, पाण्यात नारळ पडू द्यायचा नाही. नारळ पडला की तो समजणार, पौर्णिमा आली. कळलं? हुं म्हणा.

तर या वाड्यात माणकू नावाची एक बाई होती. नवरा नव्हता. एकुलती एक लेक, सोनकी. सोनकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पण पोरीला अन्न म्हणून जाईना. भात दिला, नको. पेज दिली, नको. सुकट भाजली तर वासानंच ओकायला उठली. डोळे खोल गेले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. माणकूने विचारलं, "बाय माझे, तुला काय खावंसं वाटतंय तरी काय?"

सोनकी म्हणाली, "आये, मना ताज्या पापलेटाचं कालवन पायजे."

आता भर पावसात ताजं पापलेट कुठून आणायचं? डोहाळे तर पुरवायलाच हवेत. पोर डोळ्यांदेखत वाळत चाललेली. माणकूने पुष्कळ विचार केला आणि काय शक्कल काढली बघा. ती म्हणाली, पिकल्या नारळाने दर्या पुरता जागा होतो. मग कोवळं शहाळं टाकलं तर? शहाळ्याने तो नुसती कूस बदलेल. तेवढ्यात एक मासा मागून घेते. मग परत झोपेल बिचारा. कोणाला कळायचं पण नाही.

शहाणपण बघा बाईचं! पण आईच ती, काय बोलणार.

मग तिने शहाळं नेलं आणि गुपचूप पाण्यात सोडलं. दर्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "पुनव झाली?" माणकू माडाच्या आड लपली, हूं नाही की चूं नाही. दर्याने सवयीने हात पाण्यात घातला, एक मोठं पापलेट वाळूवर टाकलं आणि परत आडवा झाला. माणकूने ते पदराखाली लपवून घरी आणलं. चिरलं तर आत गाभोळी, काठोकाठ भरलेली अंडी. माणकूच्या मनात आलं, ही पण पोटुशीच होती की. पण कालवण केलं तिने. सोनकी दोन वेळा भात मागून मागून जेवली. तिच्या तोंडावर तजेला आला. माणकूला वाटलं, जिंकली.

कसली जिंकते! अर्धवट उठलेलं पोर कसं असतं ते मला विचारा. पुरतं जागं नाही, पुरतं झोपत नाही, आणि सगळ्या घराला झोपू देत नाही. दर्याचं तसंच झालं. तो तळमळायला लागला. भरती नको तेव्हा यायची, ओहोटी यायचीच नाही. लाल लाल डोळे घेऊन तो गल्लीत शिरायचा. चुली विझल्या, टोप-तपेल्या तरंगत अंगणात गेल्या. दारादारात जाऊन तो विचारायचा, "पुनव झाली? पुनव झाली?" वर ओढलेल्या होड्या एकमेकींवर आपटायला लागल्या. मासळी पोटात अंडी घेऊन सैरावैरा फिरत राहिली. तिला टेकायला कूसच नव्हती. म्हातारे म्हणाले, "यंदा अंडी नाय पडली, तर पुढल्या साली जाल्यात काय येनार? पानी?"

आणि सगळ्यात वाईट ऐका. वाड्याची सुईण राहायची खाडीच्या पलीकडच्या गावात. एरवी दर्या झोपला की खाडी शांत, लहान होडी सहज जायची. आता खाडीत पाऊल घालायची सोय नाही. आणि सोनकीचे दिवस भरत आलेले. ज्या लेकीसाठी माणकूने दर्या उठवला, तिचीच सुईण पलीकडे अडकली.

मग गावाने दर्याला झोपवायचं ठरवलं. आधी सगळे ढोल घेऊन किनाऱ्यावर गेले आणि मोठमोठ्याने विनवायला लागले. आता मला सांगा, ढोल बडवून कोणी झोपतं का? दर्या उठूनच बसला. मग पाटील म्हणाले, "डोकं तापलंय त्याचं, त्याल घाला." घागरभर खोबरेल ओतलं. दर्याला आली शिंक. त्या शिंकेने पाटलांचं पागोटं जे गेलं ते गेलंच, आजतागायत सापडलं नाही. हसू नका, पाळणा जागा होईल.

मग माणकूला राहवेना. ती एकटी पुढे गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि सगळ्या गावाच्या देखत म्हणाली, "बाबा, पुनव नाय झाली. मीच शहालं टाकलं. माझी पोर उपाशी मरत हुती. माझं चुकलं. तुला काय करायचं ते मना कर, पन तू झोप."

सगळे मागे सरले. आता हा तिला ओढून नेतो की काय! पण दर्या ओरडला नाही. तो रडायलाच लागला, बरं का. म्हणाला, "मी लई दमलोय गो. झोपावं म्हनतो तर झोप येत नाय. सगल्यांना मी झुलवतो. मना कोन झुलवतं?"

माणकूने त्याच्याकडे बघितलं. ते सुजलेले डोळे, ते दुखणारं अंग, सगळं तिच्या ओळखीचं होतं. नवरा गेल्यापासून तिला तरी कोण म्हणालं होतं, बाई, जरा पड म्हणून? ती तशीच घरी धावली. माळ्यावरचं जाळं काढलं. बायांना म्हणाली, "तुमची पन आना. याला झोली बांधू." मग सगळ्या वाड्याची जाळी निघाली. बायांनी गाठीला गाठ मारत केवढी थोरली झोळी केली. एक टोक अलीकडच्या माडाला बांधलं. दुसरं टोक दर्याच्याच हातात दिलं, "जा, पलीकडं दे." पलीकडच्या लोकांनी ते उंडीच्या झाडाला बांधलं. दर्याने झोळीत डोकं ठेवलं. बाकीचं अंग कुठे मावतंय! पण डोकं टेकलं की बाकीचं अंग आपोआप झोपतं, नाही का?

मग माणकूने झोळीची दोरी ओढली. झोळी इकडे आली. सैल सोडली. झोळी तिकडे गेली. दर्याचे डोळे मिटायला लागले. पाटील म्हणाले, "दे, आता मी वडतो." त्यांनी दोरी घेतली मात्र, दर्याने डोळा उघडला. "हा हात नाय." परत माणकूने घेतली. परत डोळा मिटला.

झोळी तिकडे गेली तेव्हा सुईणबाईने काय केलं? लुगडं खोचलं, झोळीच्या काठावर बसली, आणि दर्याच्या कानाला धक्का न लावता झुलत झुलत अलीकडे आली! उतरली आणि थेट सोनकीच्या घरात गेली. वेळेवर आली हो, कारण सोनकीला कळा सुरू झाल्याच होत्या.

माणकूचं घर माडापासून हाकेवर. आतून लेक ओरडायला लागली, "आये! आये गो! ये ना!" माणकूचे पाय घराकडे वळले. पण हात कसा सोडायचा? हात सोडला की दर्या उठणार, गल्लीत येणार, आणि पहिलं घर सोनकीचंच. लेकीसाठी लेकीकडे जाता येईना. ती दोरी ओढत राहिली आणि रडत राहिली. तळहात फाटले. आतून हाका यायच्या आणि ही म्हणायची, "हाय गो बाय, मी हितंच हाय." सोनकीला ते ऐकू जात होतं की नाही, देव जाणे.

मग हाका थांबल्या. माणकूची दोरी तेवढी करकरत होती.

आणि मग बाळ रडलं! केवढ्याने रडलं! दर्या दचकला, तोंड उघडलं, सगळ्यांना वाटलं आता उठतोय. तो झोपेतच म्हणाला, "हुं." आणि घोरायला लागला. सुईणबाई दारातून म्हणाली, "मुलगी झाली गो माणकू! दोघी बऱ्या हायत!" माणकू हसली. पण तिचा हात थांबला नाही.

मग दिवसामागून दिवस गेले. बाया तिला दोरीशीच भरवायच्या. खाली सगळ्या मासळीने दर्याच्या कुशीत अंडी घातली. माणकूचे डोळे उघडे राहीनात, मान पडायला लागली. एका संध्याकाळी सोनकी आली. बाळ छातीशी, दुसरा हात पुढे. म्हणाली, "आये, दोरी दे."

"नको गो, तो उठंल."

"दे म्हनते ना."

तिने घेतली. दर्याने एक डोळा किलकिला केला. पण लहानपणापासून आईबरोबर जाळी विणलेली पोर ती, दोघींचे हात सारखेच खरखरीत. त्याला फरक कळला नाही. डोळा मिटला. माणकू तिथेच वाळूवर कलंडली आणि झोपली. मग सोनकीने होडीवरचं एक झाप ओढलं आणि आईच्या अंगावर घातलं.

पुढे पौर्णिमा आली. सगळ्यांनी मिळून नारळ वाहिला, पिकलेला. दर्या ताजातवाना उठला, आळस दिला, आणि त्या वर्षी जाळ्यांत मासळी मावेना. जाळ्यातलं पहिलं पापलेट माणकूने जिवंत परत पाण्यात सोडलं. एक घेतलं होतं, एक दिलं. मग दर्या, माणकू, सोनकी आणि ती मुलगी, सगळी सुखात राहिली. तेव्हापासून पावसाळ्यात आपल्या बाया ओटीवर जाळी विणायला बसतात, दोरी ओढतात, सोडतात. दर्या तिकडे झोपतो. झाली गोष्ट. तुम्हीही झोपा.

झोपली वाटतं सगळी. कुंदे, तू गो? अजून जागीच? काय म्हणतेस? दोरी?

नको गो, तो उठेल.

बरं, धर. अशी, सावकाश ओढ. बघ, डोळा किलकिला केलान. नाही, मिटला. मी जरा पाठ टेकते. तो गाढ झोपला की तूही झोप. आणि ती गोधडी घाल माझ्या अंगावर.