खेकड्यांची समुद्राशी लढाई

माणसाला अजून होडी बांधता येत नव्हती, त्या काळची ही गोष्ट. भरतीच्या पाण्याने खेकड्यांच्या राजाचं बीळ मोडलं, म्हणून राजाने समुद्राशी युद्ध पुकारलं. रोज भरतीला तरणे खेकडे नांग्या उगारून लाटांवर तुटून पडायचे. कितीतरी वाहून जायचे. मग ओहोटी लागली की राजा बिळातून बाहेर येऊन म्हणायचा, "बघा, शत्रू पळाला!"

कुर्ली नावाची म्हातारी खेकडीण जखमी सैनिकांच्या नांग्यांना शेवाळाचा लेप लावायची. लावता लावता म्हणायची, "पोरांनो, समुद्राचं तुमच्याशी काही भांडण नाही रे. घरी चला."

दरबार खवळला. "हा सैनिकांचा अपमान आहे!" प्रधान ओरडला.

"अपमान?" कुर्ली कडाडली. "तुमच्यातल्या एकाने तरी कधी लेप लावलाय का त्यांना?"

राजा स्वतःला न्यायी समजायचा. तो म्हणाला, "आमच्या राज्यात बोलायची सगळ्यांना मोकळीक आहे. फक्त जागा आम्ही ठरवू. लाटा फुटतात त्या खडकावर, ऐन भरतीत, खुशाल बोल." तिथला आवाज दरबारापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. दरबारी पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी भरती आली, कुर्ली त्या खडकावर चढून बोलली, आणि भरती गेली. वाळूवर एकही तुटकी नांगी नव्हती. सगळे सैनिक आपापल्या घरी जेवत बसले होते.

राजा म्हणाला, "तिचं बोलणं ऐकलं कुणी? त्या खडकाजवळ तर कुणीच नसतं!"

"आम्ही असतो, महाराज," एका नांगीचा सैनिक म्हणाला.