सुभानाची हाळी

डोंगराच्या पायथ्याला, नाचणीच्या हिरव्यागार शेताशेजारी सुभाना नावाच्या शेतकऱ्याचं इवलंसं घर होतं. घर होतं खरं, पण सुभाना त्यात सापडेल तर शपथ! भाकरी खायची ती बांधावर बसून. झोपायचं ते शेतातल्या उंच माळ्यावर, चांदण्यांखाली. पाऊस आला की लोक घरात पळायचे आणि हा बाहेर. लेकीचं नावही त्याने साळुंकीवरून साळू ठेवलं होतं. दिवस कलला की माळ्यावर उभा राहून तो हाळी द्यायचा, "साळूऽऽ, ये गंऽऽ!" ती हाळी पार डोंगरापर्यंत जायची. साळू जिथे असेल तिथून धावत यायची.

मग सुभानाला ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्याच्या पायांतलं बळ आणि गळ्यातला आवाज घेऊन गेला. वैद्य म्हणाले, "वारा लागू देऊ नका." साळूच्या आईने खिडकी लावली, दार लावलं, फटींत चिंध्या कोंबल्या. "वारा लागला तर..." एवढंच ती म्हणायची. पुढचं बोलायचीच नाही, आणि साळूला त्याचीच फार भीती वाटायची.

साळू बापाला आबा म्हणायची. आधी आबा हाताने खुणावायचे, खिडकी उघड. मग त्यांनी खुणावणं सोडलं. एके दुपारी साळू त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "आबा, नाचणीला कणसं आली. कशी दिसत्यात सांगू?" आबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. ते वळलेसुद्धा नाहीत.

साळू गुपचूप उठली आणि देवराईकडे निघाली. देवराईत परी राहते, असं आबाच सांगायचे. तिथलं पानही कुणी तोडत नसे, आणि एकटं पोर तर तिथे पाऊलही टाकत नसे.

आत पाऊल टाकलं आणि ऊन मागेच राहिलं. जाडजूड वेली अजगरासारख्या लोंबत होत्या. झाडांच्या ढोल्यांतून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. पाखरू नाही, वारा नाही. मागे पाचोळा करकरला, साळू थांबली की तोही थांबला. तरी ती पुढे गेली.

आणि तिथे, शेवाळाच्या मऊ मऊ गादीवर, एक पिटुकली परी बसली होती. पंख निळे-जांभळे, झुळझुळीत. केसांत दवाचे चिमुकले थेंब लुकलुकत होते.

"भ्यालीस ना, बाळ?" परीने हळूच विचारलं.

"लई भ्याले. पण माझं आबा घरात सुकाय लागल्यात. त्यांना परत रानात जाऊ दे."

परीने साळूच्या तळहातावर एक सोनेरी ठिणगी ठेवली. ती कोमट होती आणि मिणमिण चमकत होती. "ही तुझी इच्छा. सूर्य डोंगराआड जायच्या आत घराचा उंबरा गाठ. आणि काही झालं तरी माघारी वळू नकोस. वळलीस की ठिणगी विझली."

साळू मुठीत ठिणगी धरून पळत सुटली. देवराई संपली, माळ संपला. समोर घर दिसलं! तेवढ्यात परकराच्या निऱ्यांत काहीतरी गार गार लागलं. बघते तर एक हिरवी, एवढीशी गोगलगाय. देवराईतून चिकटून आलेली. उन्हाचा चटका बसला तशी ती शंखात शिरली आणि आणखी आत, आणखी आत आक्रसत गेली.

"इथंच बस गं," साळू रडवेली होऊन म्हणाली. पण कुठे बसणार? खाली जमीन कोरडी ठणठणीत, आणि अंगणात कोंबड्या टोचा मारत हिंडत होत्या. साळूला एकदम आबांचं अंथरूण आठवलं. आबा आत सुकत होते, तशी ही बाहेर सुकणार होती.

तिने घराकडे पाहिलं. उंबरा हाकेच्या अंतरावर होता. मग ती वळली.

मुठीतली ठिणगी विझली. साळू मोठ्याने रडत रडत देवराईकडे धावली.

आत आता काहीच दिसत नव्हतं. तिने चाचपडत एक ओलं मूळ शोधलं आणि गोगलगायीला त्यावर अलगद ठेवलं. मग बाहेरची वाट शोधायला लागली, तर वाटच सापडेना! इकडे वेल आडवी, तिकडे काटा. सूर्य गेला. कुठेतरी कोल्हा ओरडला. "आबा!" साळू किंचाळली. पण आबा कुठून येणार?

"साळू," परीचा आवाज आला. "विझलेली इच्छा मला पेटवता येत नाही."

"ठावं हाय मला," साळू हुंदके देत म्हणाली. "पण ती मेली असती."

"म्हणूनच तुझी हाक मी वाऱ्यावर सोडली. तुझ्या घरी फटींत चिंध्या आहेत, तरी ती आत शिरली. आता ऐक."

साळूने श्वास रोखला. लांबून, फार लांबून, चिरका आणि फाटका आवाज आला.

"साळूऽऽ, ये गंऽऽ!"

परी हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी, निळा उजेड फुटला. पानापानावर, वेलीवेलीवर तो सांडला, वाट लख्ख झाली, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

साळू हाळीच्या दिशेने धावली. बांधावर आबा उभे होते. अनवाणी, काठीवर सगळा भार टाकून, थरथरत. मागून आई पळत येत होती. "अहो, वारा लागंल!"

"लागू दे की," आबा म्हणाले आणि त्यांनी साळूला पोटाशी धरलं. तिघंही खूप रडली.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने चिंध्या काढल्या आणि आबांचं अंथरूण अंगणात फणसाखाली टाकलं. आबा नाचणीकडे तोंड करून पडले होते आणि साळूने त्यांना देवराईतलं सगळं सांगितलं.

"त्या गोगलगायीला कुठं ठेवलीस गं?" त्यांनी विचारलं.

"वल्या मुळावर."

"बेस केलंस," आबा म्हणाले. "तिचं घर हाय ते."