म्हाकाईची घोंगडी

आमचा ओढा भर उन्हाळ्यातही वाहायचा, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हिवरखिंडीत तेव्हा म्हाकूबाई नावाची, घोंगड्या विणणारी सणगरीण राहायची. गावाच्या टोकाला तिचं खोपट, खोपटात खड्डा करून बसवलेला माग आणि मागावर कायम एक काळी घोंगडी. बाई बोलायला कमी. अंगाला लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास, म्हणून बायका तिला उंबऱ्याच्या आत फारसं घेत नसत. पण तिच्या घोंगडीवर निजलं की वाईट स्वप्न पडत नाही, असं तेव्हाही म्हणत.

त्याच गावात पारू आणि शिदबाची पोर होती, रंगू. नुकती तुरुतुरु बोलायला लागलेली. एके दिवशी उजाडायच्या आत ही पोर उठून बसली. ओठ पांढरेफटक. तिनं चुलीपलीकडच्या कोपऱ्यात एकटक बघितलं आणि ओकायला लागली. पोटात पाण्याचा थेंब उरला नाही तरी ओकतच राहिली. दिवस कलला तशी आपोआप थांबली, भाकरी मागून खाल्ली आणि बाहुली घेऊन अंगणात पळाली. जणू काही झालंच नव्हतं. पुढं कितीतरी दिवस पोर ठणठणीत. मग एका पहाटे पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तेच.

ताप नाही, जुलाब नाही. वैद्यानं नाडी धरली आणि मान हलवली. देवऋष्यानं लिंबं उतरवली, तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर नारळ ठेवून आला. आणि आमचं गाव म्हणजे मायाळू, कुणी घरात बसून राहीना. एकीनं सुंठ उगाळून आणली, एकीनं मुरडशेंग, एकीनं हिंग. वास नाकाशी गेला की पोर पुन्हा ओणवी. आणि आलेली प्रत्येक बाई पारूला विचारायची, काल काय घातलं होतंस पोरीला? बिचारी घास न् घास आठवून सांगायची. विचारता विचारता बायकांच्या डोळ्यांतला भाव पालटत गेला. दुसऱ्या कुणाचं पोर असं करत नाही, मग खोट कुठं असेल? आईच्याच हातात.

सासू धुरपदा वाईट नव्हती, पण भ्यालेली होती. तिनं शिदबाला सांगून टाकलं, "पुन्हा पोर ओकली की सुनंला माहेरी पोचव. पोर माझ्यापाशी राहील. सून दुसरी मिळंल, पोर न्हाई मिळायची." त्या दिवसापासून पारू रात्रभर पोरीच्या ओठांकडं बघत जागी राहायची.

ती पहाट आलीच. दुपारपर्यंत घर बायकांनी भरलं. नेमकी तेव्हा म्हाकूबाई शिदबानं विणायला सांगितलेली घोंगडी घेऊन दारात उभी राहिली. सगळ्या पोरीकडं बघत होत्या. ही एकटी, पोर जिकडं बघत होती तिकडं बघत होती. ती आत आली, पोरीपाशी बसली.

"बाय, कोन हाय गं तिथं?"

"ती."

"काय करती?"

"उभी हाय," रंगू म्हणाली. "तिला कुनी बस म्हनत न्हाई."

म्हाकूबाई उठली, कोरी घोंगडी त्या कोपऱ्यात नीट अंथरली आणि पाहुणीला म्हणावं तसं म्हणाली, "बस बाई. दमली असशील."

मग तिनं बायकांना बाहेर काढलं, चूल विझवली, आळीत कुणी फोडणी टाकू नका म्हणून सांगितलं. दार ओढून अंधार केला. ओलं फडकं पोरीच्या कपाळावर, आणि शिंपल्यातून थेंब थेंब पाणी जिभेवर. धुरपदा कुरकुरली. ही कोण, कुठनं येते, का येते, एवढं तरी विचार की, म्हणाली.

"ते मला ठावं न्हाई," म्हाकूबाई म्हणाली. "जायची वाट तेवढी मोकळी ठेवती."

पारूनं डोळ्यांनी बघितलं, असं म्हणतात. नव्या घोंगडीची उभी लोकर मधोमध दबत गेली, कुणी हलकेच टेकावं तशी. ऊन उतरलं तेव्हा लोकर पुन्हा उभी राहिली. पोर झोपली होती.

पारूचं माहेरी जाणं तेव्हा टळलं. पुढं पोरीला जांभया आल्या, ओठ पांढरे पडले की पारू आधी घोंगडी टाकायची, चूल विझवायची. पाहुणी यायची, बसायची, लवकर उठायची.

पण एकदा आली ती उठेचना. शिंपल्यातलं पाणीसुद्धा ठरेना. पोर वाळलेल्या काडीसारखी झाली, हाकेला ओ देईना. धुरपदानं गाडी जुंपायला लावली. पारूचं गाठोडं गाडीत जाऊन पडलं. पारू पोरीला सोडेना, शिदबा तिचे हात सोडवायला लागला.

तेवढ्यात म्हाकूबाई आली. कुणाकडं न बघता ती त्या दबलेल्या जागेशेजारी बसली आणि हलक्या आवाजात कितीतरी वेळ बोलत राहिली. शेवटचं तेवढं पारूला ऐकू आलं.

"हितं पोर ल्हान हाय. माझं घर रिकामं हाय. चल."

तिनं घोंगडी गोळा करून खांद्यावर घेतली. घोंगडीचं ओझं ते किती, पण बाई कमरेत वाकली. भर दुपारी ती आळीतून गेली तेव्हा कुत्री भिंतीला चिकटून बसली, गाडीचे बैल जू टाकून पळाले. फुफाट्यात तिची एकटीचीच पावलं उमटली, पण घोट्यापर्यंत रुतलेली.

"गेली," रंगू म्हणाली आणि तिनं पाणी मागितलं. पाणी ठरलं. धुरपदानं स्वतः गाठोडं उतरवून घरात आणलं.

त्यानंतर खोपटात माग वाजत राहिला. आता आमच्या बायका डोकावल्याशिवाय राहतात होय? म्हाकूबाई खड्ड्यात बसून लोकरीचा धोटा फेकत होती. समोर कुणी नव्हतं, आणि धोटा तिकडून परत येत होता, असं म्हणतात. मग एका सकाळी माग थांबला. खोपटात कुणी नव्हतं. मागावर पुरी झालेली घोंगडी होती. हात लावला तर गरम, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

रंगू म्हातारी होऊन गेली, आणि म्हाकूबाईची गावानं म्हाकाई केली. तीच घोंगडी की तिच्यासारखी दुसरी कोण जाणे, पण देवळात अजून एक काळी घोंगडी असते. कुणाच्या लेकराला असं ओकण्याचं लागलं तर तालुक्याला दवाखान्यात नेतातच, सलाईन लावतात. घरी आणलं की म्हाकाईची घोंगडी कोपऱ्यात पडते. आळीत फोडणी टाकत नाहीत. आईसाठी झाकलेली भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि काय खाल्लं होतं म्हणून विचारायचं नाही. मला शेजारी शिजलेली भाजी ओळखल्याशिवाय घास उतरत नाही, पण मीसुद्धा भाकरी ठेवते आणि तोंड मिटून परत येते.

लेकरू बरं झालं की घोंगडी उन्हात टाकतात. मधे लोकर दबलेली असते, ती कुणी हातानं सरळ करत नाही. आपण होऊन उठेपर्यंत आई तिथंच बसून राहते. आणि घोंगडी अंथरताना एवढंच म्हणतात, बस बाई, दमली असशील.