आधी नावाड्याचा पाय

पूर्वी शाकल नगरात राजा सिंहरथ राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोणक. सरोवरापलीकडे कड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याची कुंडे होती. तिथे पायवाट नव्हती. सांधे धरलेले रोगी होडीनेच जात. कुंडांची ऊब रोज पालटे आणि वाफेत सगळी कुंडे सारखीच दिसत. म्हणून सकाळी पहिली होडी नेणारा नावाडी सोसवेल अशा कुंडाशी निरगुडीची डहाळी रोवी. बाकीचे तिच्यावर विसंबत.

पिंगल नावाड्याची होडी मोठी, नवी, छपराची. तरी रोगी सोणकसाठी खोळंबत.

"या आजी, जागा आहे," पिंगल म्हणे.

"असू दे रे बाबा. आम्हाला कुठे घाई आहे?"

हे ऐकून पिंगलला घास गोड लागेना. सोणक कुणाशी हसला, तरी याला वाटे, आपल्यालाच हसतो आहे.

एके दिवशी सोणक डहाळी रोवून रोग्यांना आणायला परतला. पिंगलने ती उपटून उकळत्या कुंडाशी रोवली आणि तो कड्याआड दबून राहिला. एक रोगी भाजला की सोणकचे नाव बुडणार होते.

सोणक म्हाताऱ्या कुंभारणीला घेऊन आला. डहाळी त्याची स्वतःचीच. तरी तिला काठावर बसवून त्याने आधी आपला पाय पाण्यात घातला. घोट्यापर्यंत कातडी सोलून निघाली. पिंगल थिजून पाहत राहिला. तो स्वतः रोग्यांना उतरवून होडीत आडवा होत असे. एकोणीस वर्षांत त्या पाण्याला त्याचा पाय लागला नव्हता.

घाटावरच्या अधिकाऱ्याने विचारले, "डहाळी कुणी हलवली? त्याची होडी फोडतो."

कड्याआडची पिंगलची होडी सोणकने पाहिली होती. तो म्हणाला, "मी भाजलो, महाराज. मला कुणाची होडी फोडायची नाही."

मग तो पिंगलला म्हणाला, "दादा, उद्यापासून आजींना तू ने."

"सगळं ठाऊक असून मला सांगतोस?"

"तुझ्या होडीत त्यांना पाय पसरता येतील. फक्त आधी तू उतर."

तो भांडला असता तर पिंगलला सोपे गेले असते. दुसऱ्या दिवशी कुंभारीण काठावर बसून त्याच्या पायांकडे पाहत राहिली. पिंगलने डोळे मिटून पाय पाण्यात घातला. पाणी कोमट होते. तेव्हा तिने आपला हात त्याच्या हातात दिला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्माची या जन्माशी गाठ जुळवली : "दुसऱ्याच्या भिक्षापात्रात डोकावणारा हा भिक्खू तेव्हाचा पिंगल. त्याच्यासाठी रोज पाणी भरून ठेवणारी ही उपासिका ती कुंभारीण. सोणक मी होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता पूर्ण केली, ती क्षांती, म्हणजे सहनशील क्षमा.