मुंगूसभाऊची गोड बोंडं

पाखरांची शाळा वडाखाली भरायची, त्या काळची ही गोष्ट. साळुंकीबाई पिलांना गाणं शिकवायची. पण वयानं तिचे कान मंदावले आणि पिलांचा चुकलेला सूर तिला कळेना. तेवढ्यात मुंगूसभाऊ कानात घालायची चकचकीत बोंडं घेऊन दारात हजर!

“जसा सूर, तसाच ऐकू येणार, बाई!”

मोरानं ती घातली, आपलंच ओरडणं ऐकलं आणि तो लाजला. “अरेच्चा, मी एवढा गोड गातो?”

तिथंच साळुंकीच्या मनात पाल चुकचुकली.

मुंगूसभाऊनं लगेच कोकिळेला पुढं केलं. “हिचं ऐकून पारख करा.”

“ती कशातूनही गोडच लागेल रे. माझ्या धाकटीला गाऊ दे. सकाळपासून तिचा घसा बसलाय.”

साळुंकीनं बोंडं कानात घातली आणि धाकटी गायली. बोंडांतून नुसता मध! साळुंकीनं बोंडं काढली आणि लेकीच्या चोचीला कान लावला. खरखर होती तशीच होती.

“बघा, खरखर घालवली की नाही?” मुंगूसभाऊ हसला.

“माझ्या कानातून घालवलीस, मेल्या. तिच्या घशातून नाही!”

बोंडं त्याच्या पुढ्यात टाकून साळुंकी अडुळशाचं पान आणायला उडाली.