राजा मेल्याची ताजी बातमी

"उद्या सूर्य मावळायच्या आत, मोबाईलच्या आधी, एक तरी खरी बातमी आणून दे. नाहीतर हलगी चुलीत, आणि तू शेण काढायला गोठ्यात!" ढवळगडच्या राजानं फर्मान सोडलं आणि किडक्या दाढेनं कुल्फी खायला घेतली.

समोर उभी होती गोजरा बातमीदारीण. काय घडलं ते स्वतः जाऊन बघायचं, दोन माणसांना विचारायचं, तीही एकमेकांचं तोंड न बघणारी, आणि मग चौकात हलगी वाजवून सांगायचं, हा तिचा सासऱ्यापासूनचा धंदा. पण राज्यात घरोघर मोबाईल आले आणि गोजरा चौकात पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायला लागली. म्हैस व्यायली तर रेडकू उभं राहायच्या आत त्याचा फोटो राज्यभर!

राजाचे कान भरले होते त्याच्या मेहुण्यानं, हैबतरावानं. राजवाड्याच्या बातम्या मोबाईलवर टाकायचं काम त्यानं स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं.

"दाजीसाहेब, हिला कशाला पोसता?" तो म्हणाला. "मी अंगठा दाबला की राज्याला कळतं."

"दाबायच्या आधी खरंखोटं बघता का हो, मामासाहेब?" गोजरानं विचारलं.

"बघत बसलो तर दुसरा कुणीतरी आधी टाकतो."

"टाकू दे की. उकिरड्यावर पहिलं कोण टाकतं, याला कुणी बक्षीस देत नाही."

राजाला हसू आलं, पण हट्ट गेला नाही. राजेच ते.

दुसऱ्या दिवशी गोजरा वणवण फिरली. विहिरीचा कठडा ढासळला होता, तर मोबाईलवर तो कालच ढासळला होता. पाटलाच्या दोन सुनांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या, तर तिसरी शेजारी उभी राहून मोबाईलवर दाखवत होती. सोडवायला कुणी नाही! दुपार कलली आणि गोजराच्या नाकात गोठ्याचा वास यायला लागला.

तेवढ्यात गावभर मोबाईल किणकिणले. महाराज गेले!

फोटोच आला होता. राजा पांढऱ्या चादरीखाली उताणा, नाकात कापसाचे बोळे, हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं. खाली हैबतरावाचा मजकूर : 'लाडके दाजीसाहेब अनंतात विलीन. सर्वात आधी, फक्त आमच्याकडे.'

मग काय विचारता! कुणी बांबू तोडले, कुंभारानं मडकं आणलं, राजवाड्यापुढं तिरडीसुद्धा बांधून झाली. दारात हैबतराव एका डोळ्यानं रडत होता आणि दुसऱ्यानं लाइक मोजत होता.

"हरलीस, गोजरे. एवढी मोठी बातमी, आणि तुझी हलगी मुकी."

"मी अजून बघितलं नाही."

"फोटो आहे की!"

"फोटो सगळ्यांनी बघितला. राजाला हात कुणी लावला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हात कुणीच लावला नव्हता. जो तो फोटो पुढं पाठवण्यात गुंतला होता.

गोजरा आत शिरली. मागच्या अंगणात वैद्य खलबत्ता कुटत होता. "दाढ सुजली म्हणून फडकं बांधलं," तो म्हणाला. "वर घोळणा फुटला, म्हणून बोळे. झोपेची मात्रा दिलीय. पण बाहेर रडारड कसली गं?"

वैद्याचा आणि आचाऱ्याचा उभा दावा. गोजरा सरळ मुदपाकखान्यात गेली.

"याच्या औषधानं मरायलाच हवे होते," आचारी करवादला. "पण खीर करायला सांगून झोपलेत."

मग ती राजाच्या खोलीत गेली. चादरीखालचं पोट भाकरीसारखं फुगत होतं. गोजरानं हलगीच्या टिपरीनं राजाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. राजा किंचाळून उठला!

आपणच वारल्याचं कळल्यावर राजानं तावातावानं मोबाईलवर लिहिलं, 'मी जिवंत आहे.' लगेच उत्तरं आली. 'मेलेल्याची टिंगल करतोस, मेल्या?' 'खरा राजा असशील तर फोटो टाक.' राजानं स्वतःचा फोटो टाकला. 'हा तर मघाचाच आहे. भावपूर्ण श्रद्धांजली.'

राजा चिडून खिडकीत गेला. बोळे आणि फडकं तसंच. "भूत!" म्हणत लोक चपला टाकून पळाले.

"गोजरे, तू तरी सांग गं त्यांना," राजा रडकुंडीला आला.

गोजरानं चौकात हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! राजा जिवंत आहे. मी गुदगुल्या करून बघितलंय. वैद्य म्हणतो जिवंत, आचारीही म्हणतो जिवंत!"

पळणारे थबकले. वैद्य आणि आचारी एकच बोलतायत म्हणजे खरंच असणार. लोक आपापल्या चपला शोधत परत आले.

सूर्य टेकला होता. हैबतराव काही गप्प बसेना. "दाजीसाहेब, अट ती अट. जिवंत असल्याचंही तुम्ही आधी मोबाईलवरच टाकलंत. हिची हलगी नंतर वाजली."

राजा डोकं खाजवायला लागला. शब्दाचा पक्का होता ना!

"टाकलंत खरं, महाराज," गोजरा म्हणाली. "पण मोबाईलवर तुम्ही अजून मेलेलेच आहात. बघा, हार चढतायत. त्याचं धरायचं असेल तर तिरडी तयार आहे. आडवे व्हा, मामासाहेब खांदा देतील. माझं धरायचं असेल तर खीर निवतीय. जेवायला बसा."

राजा दाढ धरून असा हसला, असा हसला, की नाकातला बोळा उडून हैबतरावाच्या मोबाईलवर जाऊन चिकटला.

गोजराला भरजरी शालू मिळाला, चांदीची टिपरी मिळाली. राजवाड्यातलं काही मोबाईलवर टाकायचं तर आधी तिनं बघायचं, असा हुकूमही निघाला. आणि हलगी वाजवायच्या आधी जाळावर धरून शेकावी लागते, ते काम राजानं हैबतरावाला दिलं. त्या कामाला दोन्ही हात लागतात.